पासधारक स्वतः हजर पाहिजे

काशिनाथ शेडगे मंगळवारी सकाळी आमच्या फाटकावर येतो, खिशातून पास काढतो आणि गालाला लावून उभा राहतो. दामू गार्ड त्याच्याच आळीतला. दोघं लहानपणी एका ओढ्यात खेकडे धरायला जायचे. तरी दामू आधी पासावरचा फोटो बघतो, मग काशिनाथचं तोंड बघतो, परत फोटो बघतो आणि म्हणतो, "जावा." मुंबईहून आलेले पाव्हणे हे बघून फिदीफिदी हसतात. हसू देत मेले. ही पद्धत कुणी लावली ते त्यांना काय ठाऊक!

लावली टिपणीस सरांनी. सर आता नाहीत. पावसाळ्यात पेणला, रामवाडीत, मुलाच्या घरी वारले. तेराव्यानंतर त्यांची सून त्यांचा पास घेऊन इथवर आली. म्हणाली, "बाबांनी सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर पास पहिला परत करा, नाहीतर कुणीतरी वापरेल." घरात नवरा-बायको आणि कॉलेजातली मुलगी. त्यातलं कोण ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्याचा पास वापरणार होतं, ते देवाला माहीत. पण सरांचा घरच्यांवरसुद्धा पूर्ण भरवसा नव्हता, आणि ते ही गोष्ट लपवतही नसत.

मी सुनंदा. रोह्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला अभयारण्य आहे, त्याच्या तिकीट खिडकीत बसते. माझ्या डोक्यावर नियमांचा मोठा फलक आहे. साठीच्या पुढच्यांना सवलतीत वर्षाचा पास. ऐंशीच्या पुढच्यांना पास फुकट, आणि आधाराला एक मदतनीस बरोबर असेल तर तोही फुकट. पासाबरोबर आधार कार्ड दाखवायचं. पास दुसऱ्याला देता येत नाही. पासधारक स्वतः हजर पाहिजे आणि स्वतः आत गेला पाहिजे. हा फलक आजवर दोनच माणसांनी शेवटपर्यंत वाचला असेल, एक तो रंगवणारा पेंटर आणि दुसरे टिपणीस सर. पेंटरबद्दल मला शंका आहे.

सर पहिल्यांदा आले तेव्हा मी मोबाईलवर बहिणीशी बोलत होते. खिडकीत पास आला, मी एक नजर टाकली आणि परत केला. माणूस हलेना. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बारमाही छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आणि शर्टाच्या बटणाला दोऱ्याने बांधलेलं पेन. पेन बांधलेलं का, तर लोक सहीला मागतात आणि खिशात घालून चालू पडतात.

"फोटो पाहिलात?" त्यांनी विचारलं.

"पायला की."

"कुणाचा होता?"

"तुमचाच."

"चष्मा होता की नव्हता?"

आली का पंचाईत! मी म्हटलं, "होता." ते म्हणाले, "नव्हता." मग पास पुन्हा खिडकीत सरकवून म्हणाले, "आता नीट बघा, आणि आधार कार्ड मागा. मी देणार आहे, पण तुम्ही मागितलं पाहिजे."

ते आत गेल्यावर मी दामूला हाक मारली. म्हटलं, "दामूदादा, हा माणूस साधा नाय. वरून कुणीतरी पाठवलाय." दामूलाही तसंच वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, आमची काही चोरी नसताना आम्ही दोघं उगाच हबकलो. दामूने टोपी शोधून घातली. मी टेबल पुसलं. सर खाली उतरले तेव्हा मी आपली आदबीने चहाचा कप पुढं केला. त्यांनी कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"कशाबद्दल?"

"असाच, सर."

"असाच चहा कुणी कुणाला देत नाही," म्हणाले, आणि छत्री उचलून चालते झाले.

ते तपासणीस नव्हते, शाळेतले निवृत्त शिक्षक होते. हे आम्हाला पुढं कळलं, पण कळून फरक पडला नाही. दर मंगळवारी ते पेणहून एसटीने रोह्याला येत, तिथून टमटमने फाटकापर्यंत. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. कोलाडच्या बाजूला कधी जाणं झालं तर भजी खात नसत, कारण तेल कधीचं ते कोण सांगणार? रोह्याच्या बाजारात वाल घेताना एक दाणा दाताखाली फोडून बघत, मग दुसऱ्या पोत्यातला फोडत, आणि शेवटी म्हणत, "दोन्ही पोती एकाच शेतातली आहेत, भाव वेगळा का सांगतोस?" वालवाली म्हातारी त्यांना लांबून बघितलं की पोतं झाकून घ्यायची. कुणी नुसता नमस्कार केला तरी विचारत, "काय काम काढलंत?" आणि कुणी म्हणालं, सर, जरा विश्वास ठेवा, की उत्तर ठरलेलं. "विश्वास पानिपतात गेला."

पेणहून इतक्या लांब चालायलाच का येतात, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तिकडं हायवेची धूळ. इथं फुकट आहे." मला ते पटलं नाही. फुकट चालायला कुणी दोन गाड्या बदलून येत नाही.

पासाच्या बाबतीत तर त्यांनी फाटकावर उच्छाद मांडला. जंगलातून खाली आले की शेडमधल्या बाकड्यावर बसत आणि येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाकडं टक लावून बघत. एकदा मोठ्या गाडीतून गॉगलवाला एक जण उतरला. दोन पूर्ण तिकिटं मागितली आणि एक ज्येष्ठाचा पास पुढं केला. मी काही बोलायच्या आत बाकड्यावरून आवाज आला.

"पासवाले कुठं आहेत?"

"बाबा गाडीत आहेत. झोपलेत."

"उठवा."

"अहो काका, वय झालंय त्यांचं."

"वय झालंय म्हणूनच पास आहे. उठवा."

सर स्वतः गाडीपाशी गेले, काचेला कपाळ लावून आत बघितलं. आत त्या माणसाची बायको आणि वेफर्सचं पाकीट. गॉगलवाला मग पुटपुटला की बाबा मागच्या वर्षीच वारले, पण पासाची मुदत होती, वाया का घालवायचा. सर एवढे चिडले की त्यांचा आवाज चिरकला. "बापाला पोचवलंस, श्राद्ध घातलं असशील, आणि आता त्याला सवलतीत फिरवतोस? लाज नाही वाटत?" तो गाडी वळवून गेला. सर बराच वेळ धुसफुसत बसले होते.

दुसऱ्या एका बाईंनी तर त्यांची झोप उडवली. मैत्रिणींचा घोळका आला होता. त्या बाईंचे केस काळेभोर, ओठाला लाली. सगळ्यांनी पूर्ण तिकिटं काढली. सर मला म्हणाले, "त्या निळ्या साडीवाल्या बाई साठीच्या वर आहेत. मान बघ मान. पास मिळत असताना पूर्ण तिकीट का काढतात? काहीतरी भानगड आहे." मी म्हटलं, "सर, भानगड बिनगड काय नाय. बायामाणसाला वय सांगायचं नसतं." त्यांना ते काही पटेना. ज्याला सवलत घ्यायची नाही त्याच्यावरही संशय घेणारा असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आणि तरी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. आमच्या तालुक्यातली म्हातारी माणसं पास काढायला यायची, तेव्हा त्यांच्या आधार कार्डावर बहुतेकांची जन्मतारीख एकच. एक जून. ह्याचा एक जून, त्याचा एक जून, नवऱ्याचा एक जून, बायकोचाही एक जून. नवीन माणसाला वाटेल की अख्खा तालुका एका दिवशी जन्मला. एरवी दाढीच्या खुंटावरून वय काढणारे सर, एक जूनचं कार्ड खिडकीत आलं की दुसरीकडं बघायचे. छत्रीची तार तपासायचे. मी मनात म्हटलं, बये, इथं पाणी मुरतंय.

मग ती तक्रार झाली. आमच्याकडं आसपासच्या गावच्या लोकांना तिकीट नव्हतं. मी गावचा, म्हटलं की दामू सोडायचा. पण डोलवीच्या कंपनीत बाहेरून आलेले लोक, सुट्टीच्या दिवशी आलेले पिकनिकवाले, सगळेच म्हणायला लागले, मी गावचाच. एकाने तर ते हिंदीत सांगितलं. सरांनी कार्यालयात तक्रार दिली, ओळखीवर कुणालाही सोडू नये. आणि कार्यालयाने काय केलं, तर गावकऱ्यांची सवलतच बंद. सरसकट सगळ्यांना तिकीट. रोगापेक्षा औषध भयंकर, दुसरं काय! गावात तक्रार कुणी केली ते सगळ्यांना कळलं. सर मात्र खूश होते. म्हणाले, "आता कसं, स्वच्छ झालं."

त्या स्वच्छतेत काशिनाथ शेडगे अडकला.

जंगलात, चढाच्या वरच्या अंगाला, वाघजाईचं ठाणं आहे. देऊळ नाही, कळस नाही. ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड आणि एक कोनाडा. दर मंगळवारी तिथं दिवा लावायचा मान शेडग्यांच्या घरचा. काशिनाथचा आजा लावायचा, बाप लावायचा. काशिनाथ डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं होता तेव्हा शिफ्ट बदलून घ्यायचा, पण मंगळवार सोडायचा नाही, आणि सरांची एसटी यायच्या आत दिवा लावून उतरलेला असायचा. आता दामूने त्याला फाटकावर थांबवलं आणि मान खाली घालून सांगितलं, तिकीट काढावं लागंल.

काशिनाथ तसा गरीब स्वभावाचा. पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघवेना. "तिकीट काढून देवीकडं जायचं? म्हंजे मी पाव्हणा झालो का रं दामू?"

दामू हळूच म्हणाला की ओढ्याच्या अंगाने जा, मी बघत नाय. गावातले बाकीचे तसेच जात होते. काशिनाथ म्हणाला, "चोरासारखा जाऊ? हातात निरांजन घेऊन?" आणि परत गेला. त्या मंगळवारी वाघजाईला दिवा लागला नाही. पुढच्याही लागला नाही. गावात कुणाची म्हैस आटली तरी लोक म्हणायला लागले, दिवा बंद झाला म्हणून.

मग कुणीतरी त्याला सांगितलं की साठीच्या पुढच्यांना पास मिळतो. त्याला ते पटलं. मला म्हणाला, "वहिनी, तो वयाचा मान हाय. थोडं पैसं पडलं तरी नुसता इकत घेतलेला नाय. तो मी घेईन." काशिनाथ बासष्टच्या घरातला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा साठीचा होता, हे सगळ्या आळीला माहीत. त्याने आधार कार्ड दिलं. मी बघितलं. जन्मतारीख एक जून, आणि वय साठीला अजून काही महिने कमी.

"काशिनाथदादा, भरत नाय वय."

"असं कसं? मी बासष्टचा हाय."

"कार्डावर नाय ना."

तो मंगळवार होता. त्यामुळं बाकड्यावर कोण बसलेलं असणार ते सांगायला नको. सर उठून आले. "वय वाढवून सांगायची ही नवी पद्धत दिसते. नोकरीत कमी सांगायचं, सवलतीला जास्त. कार्ड खोटं आहे की तू?"

काशिनाथने वळून बघितलं, आणि बघतच राहिला. मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि वाकून सरांच्या पायाला हात लावला.

"काय काम काढलंस?" सर मागं सरकले.

"गुरुजी, मी काशिनाथ. आपल्या शाळंतला. धोंडू शेडग्याचा." आणि मग अगदी मऊ आवाजात, तक्रार म्हणून नव्हे, "ती तारीख तुम्हीच लिवलीय, गुरुजी."

सर बाकड्यावर बसले. आता मला उमगलं की पेणचा माणूस दोन गाड्या बदलून इथंच चालायला का येतो. त्यांची पहिली नोकरी आमच्या डोंगराखालच्या शाळेत झाली होती. आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. गावच्या माणसाला तेव्हा जन्मतारीख नसायचीच. आया सांगायच्या, भात झोडत होते तेव्हा झाला, किंवा मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख लिहायची एक जून. सगळ्यांची.

"तुझा हात कानाच्या खाली मानेपर्यंत पोचला होता," सर म्हणाले. त्यांना आठवत होतं! "दुधाचे दात पडून नवे आले होते तुला. आठ वर्षांचा घोडा होतास."

"व्हय. गुरं राखत व्हतो. तुम्हीच बापाला दम देऊन आनला मला शाळंत."

"मग मी सहा लिहिलं. पुढं कुठं नोकरी लागली तर दोन वर्षं जास्त मिळतील म्हणून."

"मिळाली, गुरुजी. कंपनीत दोन वर्सं जास्त काढली. चांगलंच झालं."

शाळेचं तोंड न बघितलेला दामू टोपी काढून डोकं खाजवत उभा होता. मग सर एकदम खिडकीशी आले. बटणाचं पेन उघडलं. "कागद दे. मी लेखी देतो. हा बासष्ट वर्षांचा आहे. तारीख मी चुकीची लिहिली, माझी सही घे."

खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, राग आला. वर्षभर ह्या माणसाने आम्हाला नाकाने कांदे सोलत नियम शिकवले होते. मी म्हटलं, "सर, तुमचं लेखी चालत नाय. आधार कार्ड लागतं."

"अगं, मी सांगतोय ना! मी ह्याचा शिक्षक आहे."

"आणि हे फाटक हाय. ओळखीवर कुणाला सोडायचं नाय, असं कुणी लिहून दिलंवतं कार्यालयात?"

पेनाचं टोपण लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. काशिनाथने त्यांना टमटमपर्यंत पोचवलं. सरांनी त्याचं तिकीट आपण काढतो असं म्हणून बघितलं, तर तो हात जोडून नको म्हणाला.

पुढच्या मंगळवारी मी खिडकीतून बघते तर काय! सर टमटममधून टुणकन उडी मारून उतरले, छत्री काखेत. फाटकापाशी काशिनाथ तेलाची बाटली आणि वाती घेऊन उभा होता. सरांनी पिशवीतून कोरी करकरीत घडीची काठी काढली, तिच्यावर भार टाकला, दुसरा हात काशिनाथच्या खांद्यावर ठेवला आणि लंगडत लंगडत खिडकीशी आले.

"ऐंशीच्या पुढचा पासधारक. आणि हा मदतनीस."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. मग तोंडाकडं. "काय झालं पायाला?"

"वय."

"आत्ता तर उडी मारलीत."

"फलकावर मदतनीस कुणाला मिळतो लिहिलंय? ऐंशीच्या पुढच्याला. उडी मारणाऱ्याला मिळत नाही असं कुठं लिहिलंय का, दाखव." आणि आवाज खाली आणून, "फोटो बघ. कार्ड माग. ओळखते म्हणून सोडू नकोस."

दामूने मला डोळा मारला. त्याला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. तो सरांना म्हणाला, "सर, तुम्ही बसा बाकड्यावर. हा जाऊन येतो दिवा लावून. कोण बघतंय?"

सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की दामूची टोपी आपोआप सरळ झाली. "पासधारक स्वतः आत गेला पाहिजे. मी बाहेर बसलो तर हा कुणाचा मदतनीस?"

आणि ते वर गेले. नुसत्या सपाटीच्या वाटेने नव्हे, चढावरून, वाघजाईपर्यंत. खाली आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "तेल पुरेसं घातलं नव्हतं त्याने. मी लक्ष ठेवलं."

असे मंगळवार सुरू झाले. थंडी सरली, शिमगा झाला, वालाच्या शेंगा संपल्या. मी मात्र संशय सोडला नव्हता. ह्या माणसाला पुण्य हवंय की काशिनाथकडून काही काम काढायचंय? म्हणून मी दर वेळी त्यांच्या पायांवर नजर ठेवायची. नाटकच करायचं तर नीट करा, कधी उजवा लंगडा, कधी डावा, हे काय? पण शिमग्यानंतर माझ्या लक्षात आलं की सर टमटममधून उडी मारत नाहीत. काशिनाथ पुढं होऊन हात देतो तेव्हा उतरतात. काठीचं खालचं रबर झिजलं होतं. खांद्यावरचा हात आता ठेवलेला नव्हता, धरलेला होता.

मग एक दिवस फोन आला. "मी टिपणीसांची सून बोलतेय, पेणहून. बाबा दर मंगळवारी कुणाकडं जातात हो तिकडं?" आवाजात संशय असा काठोकाठ भरलेला की मला वाटलं, सासऱ्याने ह्यांना चांगलं तयार केलंय. मी सांगितलं, जंगलात जातात, देवीपर्यंत चढतात. मग ती म्हणाली, "चढतात? अहो, हृदय केवढं अशक्त झालंय त्यांचं. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका सांगितलंय. आम्हाला म्हणतात, मित्राकडं गप्पा मारायला जातो." आणि पुढं म्हणाली, "आम्हाला तेव्हाच संशय आला होता. बाबांना मित्र कुठाय?"

त्या मंगळवारी मी पास हातातच धरून ठेवला. काशिनाथ वाती चोळत लांब उभा होता. मी म्हटलं, "सर, नाय सोडणार."

"कुठल्या नियमाखाली?"

"नियम गेला खड्ड्यात! वर काय झालं तर? तुमच्या सुनेला मी काय तोंड दाखवू?"

"तिने फोन केला. वाटलंच. फोनवर पाळत ठेवायला हवी होती." मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते खिडकीच्या अगदी जवळ आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला संशय दिसला नाही, नुसती घाई दिसली. "सुनंदा, एक जूनला त्याची साठ भरतात. कागदावरची. मग त्याचा पास त्याला मिळेल. तोवर दिवा माझ्या पासावर आहे. मी लिहिलेल्या तारखेमुळं अडलाय तो, आणि मी केलेल्या तक्रारीमुळं. मला एक जूनपर्यंत जगायचंय. नंतर बसतो मी, शपथ."

"काशिनाथला सांगितलंत? हृदयाचं?"

"नाही. आणि तूही सांगणार नाहीस. तो लगेच यायचा बंद होईल. भोळा आहे. कुणावरही विश्वास ठेवतो, वर्गातही तसाच होता."

मी पास दिला. मनातल्या मनात मी त्या वाघजाईला शिव्याही दिल्या आणि हातही जोडले. त्या दिवसापासून सर वर गेले की माझं तिकिटांत लक्ष नसायचं. कुणी सुटे मागितले तरी चुकायची. दामूला मी कामाचं निमित्त काढून त्यांच्या मागं पाठवायची. दामू सांगायचा, दर वळणावर थांबतात आणि काशिनाथला म्हणतात, "थांब, त्या झाडावर शेकरू आहे का बघू." शेकरू नसतं. तेवढ्यात श्वास घेतात. काशिनाथ बिचारा मान वर करून झाडभर शोधत बसतो.

एक जून मंगळवारी आला नव्हता. तरी फाटक उघडायला मी आले तेव्हा दोघं शेडमध्ये बसलेले. काशिनाथ धुतलेल्या शर्टात. सरांचा चेहरा मेणासारखा, पण दाढी घोटलेली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता.

"कर," सर म्हणाले.

मी काशिनाथचं आधार कार्ड मागितलं. मागितलंच. तारीख बघितली. फोटो काढला. मशीनमधून पास निघाला, तो सरांनी काशिनाथच्या आधी हातात घेतला, उजेडाकडं धरला, नाव वाचलं, वडलांचं नाव वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून बघितला. "नाक जरा मोठं आलंय," म्हणाले. मग दिला.

काशिनाथने बाटली उचलली आणि सवयीने खांदा पुढं केला. "चला गुरुजी."

"तू जा."

"आवो, असं कसं? चला की. आता तर दोन दोन पास हायत."

"डॉक्टरांनी मला चढ मना केलाय. मी कधी कुणाचा नियम मोडलाय का?"

ते बाकड्यावर बसले, काठी मांडीवर आडवी. काशिनाथ थोडा घुटमळला. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याचे डोळे भरले. तो फाटकाशी गेला. दामूने हसून फाटक उघडलं आणि "जावा जावा" करत त्याला आत घेतलं.

"ओ दामू!"

आवाज असा कडाडला की झाडावरचे कावळे उडाले.

"पास न बघता सोडलंत?"

"अवो सर, काशिनाथ हाय ह्यो. आपला..."

"आपला म्हणून सोडलंत तर उद्या म्हणतील, ओळखीवर गेला. तो ओळखीवर नाही चाललेला. त्याच्या वयावर चाललाय. काशिनाथ, माघारी फीर. पास काढ. तोंडाशेजारी धर. हं. दामू, बघा. नीट बघा."

दामूने बघितलं. फोटो, तोंड, परत फोटो. काशिनाथ पास गालाला लावून उभा होता, पहिलीच्या वर्गात पाटी दाखवायला उभा असावा तसा, आणि रडत होता.

"तोच आहे?" सरांनी विचारलं.

"तोच हाय, सर," दामू म्हणाला.

"मग सोडा."

काशिनाथ चढाला लागला. सर मान उंच करून बघत राहिले. तो वळणाआड गेला तरी बघतच होते. मी चहा केला आणि कप घेऊन त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, आता विचारतील, कशाबद्दल. उत्तर मी तयार ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. डोळे वाटेवरून न काढताच कप घेतला, आणि कपात बघायचं सोडून सरळ तोंडाला लावला.